खोबणीतली जाळी: ‘भारीतली’ कोणती?

मुलगा दुचाकीवरून पडला, डोळ्याखालचं हाड मोडलं. वडील सर्जनसमोर बसतात आणि आधी हेच विचारतात, “साहेब, प्लेटांमधली भारीतली कोणती? तीच टाका.” विचारण्यात माया असते, पण इथे भारी-हलकी अशी उतरंडच नाही. हाडात भोक केवढं आणि कुठे, यावर सगळं ठरतं.

डोळ्याच्या खोबणीत जागा साधारण ३० मिलिलिटर, म्हणजे खोकल्याच्या औषधाची दहा मिलीची तीन झाकणं. तळाचं हाड जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. नाकाकडची भिंत त्याहून पातळ, तिचं लॅटिन नावच ‘कागदी पापुद्रा’ अशा अर्थाचं. चेंडू किंवा बुक्की बसली की कडेचं जाड हाड शाबूत राहतं आणि तळ खालच्या सायनसमध्ये कोसळतो. न्यूयॉर्कच्या स्मिथ आणि रेगन यांनी १९५७ मध्ये याला ‘ब्लो-आउट’ म्हटलं. खोबणीतली जागा एक मिलीने वाढली की डोळा जवळपास एक मिलिमीटर आत जातो. दोन मिलिमीटर गेला की समोरच्याला कळतं.

मोडलं म्हणजे प्लेट बसवायलाच हवी, हा पहिला गैरसमज. तडा लहान आहे, एकाचे दोन दिसत नाहीत, डोळा आत गेलेला नाही, तर नुसतं लक्ष ठेवतात. या काळात नाक शिंकरू नका, सायनसमधली हवा डोळ्यामागे शिरते. शस्त्रक्रिया लागलीच तर बहुतेकदा सूज उतरल्यावर, दोन आठवड्यांच्या आत करतात. लहान मुलांचं मात्र वेगळं. त्यांचं हाड ओल्या काटकीसारखं वाकतं आणि परत मिटताना स्नायू चिमटीत धरतं. डोळा लाल नसतो, पण वर वळत नाही. उलट्या होतात, नाडी मंदावते. घरच्यांना वाटतं, डोक्याला मार लागलाय. इथे एक-दोन दिवसांत स्नायू सोडवावा लागतो.

दुसरा गैरसमज: “टायटॅनियम घातलं की एमआरआय बंद.” नाही. टायटॅनियम लोहचुंबकाला ओढलं जात नाही आणि गंजतही नाही. तपासणीआधी सांगायचं, एवढंच. त्याची जाळी हवी तशी वाकवता येते आणि सीटी स्कॅनमध्ये लख्ख दिसते. दोष असा, की कापलेल्या कडांना चरबी अडकते, कधी ऊती जाळीला चिकटून बसतात. सच्छिद्र पॉलिइथिलीनच्या छिद्रांत रक्तवाहिन्या शिरतात, ते छान रुजतं. पण नुसतं असेल तर स्कॅनमध्ये धड दिसत नाही आणि काढायची वेळ आली तर सर्जनला घाम फुटतो.

आपलं ते आपलंच, म्हणून कवटीचं किंवा कमरेचं हाड उत्तम? शरीर ते नाकारत नाही हे खरं. पण त्यासाठी दुसरी जखम करावी लागते आणि ते किती झिजेल हे आधी सांगता येत नाही. विरघळणारा पातळ पत्रा लहान भोकाला पुरतो. मोठ्या भोकावर तो विरघळल्यावर उरलेला व्रणाचा पडदा कधी कधी खाली लोंबतो. सीटीवरून बेतून घेतलेली प्लेट दोन-तीन भिंती कोसळल्या असतील तेव्हा खरी कामाची. नखाएवढ्या भोकासाठी तो खर्च माझ्या मते उधळपट्टीच.

वस्तूपेक्षा ती कुठे टेकते, हे मोठं. खोबणीत अगदी मागे, दृष्टीच्या नसेच्या अलीकडे, हाडाची एक छोटी कड सहसा शिल्लक असते. प्लेटची मागची बाजू तिच्यावर टेकली नाही, तर महागडी प्लेटसुद्धा सायनसमध्ये झुकते आणि डोळा आतच राहतो. प्लेट बसल्यावर सर्जन चिमट्याने डोळा धरून वर-खाली फिरवून पाहतो. कुठे अडला, तर प्लेटखाली काही चिमटलंय असं समजून ती पुन्हा उचलतो.

तेव्हा ‘भारीतली कोणती’पेक्षा ‘भोक केवढं, मागची कड आहे का’ हे विचारा. शस्त्रक्रियेनंतर डोळा ठणकून दुखू लागला, फुगला आणि दिसणं कमी झालं, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच क्षणी रुग्णालय गाठा. आणि इम्प्लांटच्या खोक्यावरचं स्टिकर फाइलला लावून घ्या. पूर्वी बसवलेले सिलिकॉनचे तुकडे कित्येक वर्षांनी सरकलेले, पू धरलेले सापडतात, आणि तेव्हा आत नेमकं काय घातलं होतं हे रुग्णालाच ठाऊक नसतं.