दहावीचा अभ्यास पुस्तक मिटून करा!

धडा चार वेळा वाचला की सगळं येतंय असं वाटतं, पण पेपरात आठवत नाही. वाचताना उत्तर समोरच असतं ना! रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं, की नुसतं वाचणाऱ्यांपेक्षा न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतं.

विज्ञान भाग १ मधली भिंगंच घ्या. कोऱ्या कागदावर बहिर्गोल भिंग काढा, वस्तू नाभीय अंतराच्या दुप्पट अंतरावर ठेवा, किरण काढा. प्रतिमा पलीकडे तेवढ्याच अंतरावर, तेवढीच मोठी आणि उलटी यायला हवी. अडलात, तरच पुस्तक उघडा. दोन-तीन दिवसांनी हीच आकृती पुन्हा.

गणितातही सोडवलेलं उदाहरण झाकून स्वतः सोडवा. आणि बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावूनच!