खरा संदेष्टा ओळखावा कसा?

येशू ख्रिस्ताचे बारा प्रेषित एकामागून एक काळाच्या पडद्याआड गेले. त्यांच्यामागे राहिलेल्या लहान लहान ख्रिस्ती मंडळ्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याला सहसा पडत नाही. नवा करार अजून एका ग्रंथात बांधला गेला नव्हता. भव्य चर्चे तर सोडाच, प्रार्थनेसाठी वेगळी इमारतही नव्हती. माणसे कुणाच्या तरी घरी जमत. अशा घराच्या दाराशी एखादा अनोळखी वाटसरू येतो आणि म्हणतो, "मी देवाचा संदेश घेऊन आलो आहे." त्याला आत घ्यावे की वाटेला लावावे?

या पेचाला सरळ उत्तर देणारी एक छोटी ग्रीक पुस्तिका आहे. तिचे नाव ‘डिडाखे’, म्हणजे ‘शिकवण’. ‘बारा प्रेषितांची शिकवण’ असे तिला म्हणत असले तरी ती त्या बारांनी लिहिलेली नाही. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभी, बहुधा सीरियाच्या परिसरात, ती सिद्ध झाली असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. चौथ्या शतकात युसेबियसने तिचा उल्लेख केला आहे. इ. स. ३६७ मध्ये अथनेशियसने नवशिक्यांनी वाचण्याच्या पुस्तकांत तिची गणना केली. पुढे मात्र ती दिसेनाशी झाली. १८७३ मध्ये फिलोथिऑस ब्रायेनिऑस या ग्रीक धर्मपंडिताला कॉन्स्टँटिनोपलमधील एका मठाच्या ग्रंथालयात एक जाड हस्तलिखित सापडले. लिओ नावाच्या लेखनिकाने ते १०५६ च्या जूनमध्ये लिहून पुरे केले होते. त्यात इतर ग्रंथांच्या सोबतीला ही पुस्तिका होती. ब्रायेनिऑसने ती १८८३ मध्ये छापली, तेव्हा युरोपातील विद्वानांत मोठी खळबळ उडाली.

पुस्तिकेचे अध्याय सोळा, तेही चिमुकले. जीवनाचा मार्ग व मरणाचा मार्ग, उपवासाचे वार, बाप्तिस्म्याचे पाणी वाहते असावे, ते न मिळाल्यास दुसरे कोणते चालेल, अशा व्यावहारिक सूचनांनी ती भरली आहे. परंतु तिचा खरा जीव अकराव्या अध्यायापासून पुढे आहे.

‘प्रेषित’ म्हणजे पाठविलेला. त्या काळी हा शब्द केवळ बारांपुरता नव्हता. गावोगाव फिरणाऱ्या प्रचारकांनाही तो लावीत. असा प्रेषित आला तर त्याचे स्वागत करावे, पण मुक्काम एक दिवस, फार तर दोन. तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा! निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी द्यावी. पैसे मागितले तर तोही खोटा. अंगात संचार झाला असता कुणी जेवणाचे ताट मांडायला सांगितले आणि स्वतःच त्यावर बसला, तर त्याचेही पितळ उघडे पडले म्हणून समजावे. मात्र दुसऱ्या गरजूंसाठी त्याने काही मागितले, तर त्याला कुणी दोष देऊ नये.

गंमत अशी की, संचारात बोलणाऱ्या संदेष्ट्याची परीक्षा पाहणे हे अक्षम्य पाप आहे, असेही हीच पुस्तिका बजावते. म्हणजे त्याचे बोल तपासायचे नाहीत, वागणे तपासायचे. दारी आलेल्या गोसाव्याला विन्मुख पाठवू नये आणि त्याने ओसरीही बळकावू नये, ही कसरत आपल्याकडच्या घरधनिणींनाही ठाऊक आहे.

हे भय काल्पनिक नव्हते. दुसऱ्या शतकातील लुशियन हा उपहासकार स्वतः ख्रिस्ती नव्हता. त्याने पेरेग्रिनस नावाच्या भटक्या तत्त्वज्ञाची हकीकत लिहिली आहे. हा गृहस्थ ख्रिस्ती मंडळीत शिरला, तिथे मान्यता पावला आणि धर्मापायी तुरुंगात पडला. तेव्हा विधवा आणि अनाथ मुले पहाटेपासून तुरुंगाबाहेर ताटकळत. आशियातील नगरांतूनही माणसे मदत घेऊन आली. त्यातून त्याने बरीच माया जमविली, असे लुशियन सांगतो. त्याच्या लेखणीला विषारी धार आहे हे खरे. परंतु भोळ्या औदार्याचा लाभ कसा उठविला जाई, हे त्यातून दिसते. पुस्तिकेने अशा माणसासाठी ‘ख्रिस्ताचा व्यापारी’ या अर्थाचा एक शब्दच वापरला आहे.

अखेर मंडळ्यांनी उपाय काढला. आपल्यातलेच निर्लोभी, पारखलेले पुरुष अध्यक्ष व सेवक म्हणून निवडा, असे पंधरावा अध्याय सांगतो. सुमारे इ. स. ९६ मध्ये रोमहून करिंथला गेलेल्या, क्लेमेंटच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पत्रात, पदच्युत केलेल्या वडीलजनांचा कैवार घेतला आहे. अंत्युखियाचा इग्नेशियस तर अध्यक्षावाचून काहीच करू नका, असे आपल्या पत्रांतून पुन्हा पुन्हा विनवितो. त्या मानाने ‘डिडाखे’चा सूर नरम आहे. संदेष्ट्यांच्या ओजस्वी वाणीपुढे गावातलाच ओळखीचा अध्यक्ष लोकांना फिका वाटत असला पाहिजे. कारण त्याला तुच्छ लेखू नका, संदेष्ट्यांइतकाच तोही मानाचा आहे, असे पुस्तिकेला मुद्दाम सांगावे लागले.