पडद्यावरचा शेजारी

नाटक पाहावयाचे तर आपण घराबाहेर पडतो. दूरचित्रवाणी मात्र आपल्या घरात येते. तिच्यापुढे आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे कुटुंब एकत्र बसते. पडद्यावर समलिंगी व्यक्ती आली की कोणी हसते, कोणी नाक मुरडते, कोणी उठून जाते. त्याच मंडळींत एखादा असा असतो, की ज्याने आपले मन कोणाजवळही उघड केलेले नाही. तो पडद्याकडे थोडे आणि आईवडिलांच्या मुद्रेकडे अधिक पाहत असतो. या विषयाचे खरे महत्त्व येथे आहे. या चित्रणाचा प्रवास कसा झाला, हे अमेरिकेच्या उदाहरणावरून चांगले कळते.

७ मार्च १९६७ रोजी तेथील सीबीएस या संस्थेने समलिंगी पुरुषांवर एक अनुबोधपट प्रक्षेपित केला. त्यात एका पुरुषाचा चेहरा कुंडीतील झाडाच्या पानांआड झाकलेला होता. समलिंगी वृत्ती हा मनोविकार होय, असेच त्या वेळचे वैद्यकशास्त्र मानीत असे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने ही समजूत १९७३ साली सोडून दिली.

त्याच्या आदल्याच वर्षी ‘दॅट सर्टन समर’ हा दूरचित्रपट दाखविला गेला. घटस्फोटित पिता आपल्या किशोरवयीन मुलास आपले सत्य सांगतो, असा त्याचा विषय. चेहरा आता उघडा झाला होता. तथापि निवड करता आली असती तर आपण हे जीवन निवडले नसते, असे त्या पित्याच्या तोंडी घातले होतेच. प्रवेश मिळाला, पण क्षमायाचनेच्या अटीवर!

३० एप्रिल १९९७ रोजी ‘एलन’ या विनोदी मालिकेची नायिका विमानतळावर आपले गुपित एका मैत्रिणीस सांगते. समोरचा ध्वनिक्षेपक चालू असल्याचे तिच्या ध्यानात येत नाही, आणि ते साऱ्या प्रवाशांना ऐकू जाते. चार कोटींहून अधिक लोकांनी तो भाग पाहिला. काही जाहिरातदारांनी मात्र अंग काढून घेतले, आणि पुढील वर्षी मालिकाही संपली. तथापि १९९८ मध्येच ‘विल अँड ग्रेस’ सुरू झाली आणि २००६ पर्यंत चालली. तिचा समलिंगी नायक प्रेक्षकांना शेजाऱ्याइतका परिचित झाला. तो हसवीत असे. त्याचे प्रेम मात्र क्वचितच दिसे, असा आक्षेप टीकाकारांनी घेतला, आणि तो निराधार नव्हता. तरीही लोकशिक्षणाचे मोठे श्रेय उपराष्ट्राध्यक्ष बायडन यांनी २०१२ मध्ये याच मालिकेस दिले. २०१५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास देशभर मान्यता दिली.

हे सारे दूरचित्रवाणीने घडविले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यामागे अनेकांचा दीर्घ लढा होता. तिने केले ते एवढेच, की ज्याची केवळ कुजबुज होत असे त्याला चेहरा दिला.

आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. शासकीय सेवेत वावरणारा मी जाणतो, की निर्णय कागदावर एका दिवसात उतरतो. घराच्या बैठकीत उतरण्यास त्याला वर्षे लागतात. पडद्यावरील पात्रास हसण्यापूर्वी आपल्या शेजारी कोण बसले आहे, याचा क्षणभर विचार केला, तरी तो काळ पुष्कळ कमी होईल.