स्वयंसेवक येतो कशामुळे, टिकतो कशामुळे?

मंडळी, परोपकाराबद्दल आपण बोलतो तेव्हा बहुतेक वेळा देणाऱ्याच्या मनाचा विचार करतो. आज जरा वेगळ्या बाजूने पाहू या.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात रोअनोक नावाचं शहर आहे. १९०९ साली तिथल्या नदीत दोन माणसं बुडाली. काठावर लोक होते, पण वाचवायचं कसं हे कुणाला ठाऊक नव्हतं. ज्युलियन वाइज या लहान मुलाने ते पाहिलं. पुढे १९२८ मध्ये त्याने सहकाऱ्यांना घेऊन स्वयंसेवकांचं बचाव पथक उभारलं. तिथल्या अशा पथकांमध्ये ते अगदी सुरुवातीचं.

आता बघा, त्या दिवशी काठावर करुणा नव्हती का? होती. नव्हतं ते कौशल्य. म्हणजे रुग्णवाहिकेवर नुसता भला माणूस पुरत नाही, शिकलेला माणूस लागतो. आज तिथे प्राथमिक प्रशिक्षणालाच साधारण दीडशे तास द्यावे लागतात. नोकरी-संसार सांभाळून एवढा वेळ देणारे, विशेषतः खेड्यांत, मिळेनासे झालेत. आणि हृदय बंद पडलं की मेंदूला इजा व्हायला चार-सहा मिनिटं पुरतात. गावातलं पथक बंद झालं, तर दुसऱ्या गावाहून गाडी येईपर्यंत वाट पाहायची.

मग पैसे द्यावेत का? इथे आपला एक गोंधळ होतो. प्रशिक्षणाची फी, गणवेश, पेट्रोल, विमा यांचा खर्च पथकाने उचलला, तर ती सेवेची किंमत होत नाही. आपण फक्त वाटेतला अडथळा काढतो. सेवा करायची तर पदरमोडही करा, हा आग्रह कशासाठी?

कांट म्हणतो, माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका. हे आपण रुग्णाबद्दल लगेच मान्य करतो. पण स्वयंसेवकही माणूसच आहे ना! त्याच्या पाळ्या आधी ठरलेल्या हव्यात. नव्या माणसासोबत अनुभवी जोडीदार हवा. निर्णय घेताना त्याचं मत विचारायला हवं. आणि एखादं मूल हातात दगावलं, तर त्या रात्री त्याच्याजवळ बसणारं कुणीतरी हवं.

आवाहन केलं की माणसं येतात. टिकतात ती मात्र आपल्याला इथे कुणी मोजतं, या खात्रीवर. एखादा सोडून गेला की ‘सेवावृत्ती राहिली नाही हो’ असं आपण चटकन म्हणून जातो. त्याआधी आपण स्वतःला विचारू या: तो होता तेव्हा आपण त्याची विचारपूस केली होती का?