माणसं शोधायची की वेबसाइट बनवायची? दोन्ही!

कंपन्यांना सीईओ, सीएफओ शोधून देणारा माणूस वेबसाइट कशाला बनवेल? कारण सोपं आहे: गल्ला.

एक्झिक्युटिव्ह सर्चची फी मोठी असते. रिटेनर पद्धतीत साधारण पहिल्या वर्षाच्या पगाराचा तिसरा हिस्सा, तोही हप्त्यांत. पण नवख्याला रिटेनर कोण देतं? त्याचे पैसे उमेदवार रुजू झाल्यावरच. तोवर ऑफिसचं भाडं काय थांबतंय का! इथे वेबसाइट-देखभालीचे महिन्याचे पैसे कामी येतात. वर्डप्रेस (2003) आणि ड्रुपल (2001) ओपन सोर्स आहेत, लायसन्स फी नाही. तुमचा वेळ मात्र कोटेशनमध्ये लावा. मी सुरुवातीला दुकानात तो धरलाच नव्हता, म्हणून सांगतोय.

दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. टेक्निकल हेड शोधताना बायोडेटा वाचून कितीसं कळणार? ओपन सोर्समध्ये त्याचा कोड, चूक दाखवल्यावर तो कसा बोलतो, सगळं उघड दिसतं. पण तिथे गेल्या गेल्या नोकरीचे मेसेज टाकू नका. आधी स्वतः चार बग सोडवा.

आणि हो, उमेदवारांची यादी क्लायंटच्या वेबसाइटच्या सर्व्हरवर कधीच ठेवायची नाही. नाव फुटलं तर त्या माणसाची असलेली नोकरीसुद्धा धोक्यात येते.