एकशे तीनची वाटणी

तालुक्याच्या गावात स्थानिक केबलवाल्याकडून ब्रॉडबँड घेतलेलं असेल, तर ते कनेक्शन बाहेरच्या जगाला ज्या आयपी पत्त्यावरून दिसतं, तो पत्ता १०३ या आकड्याने सुरू होण्याची शक्यता बरीच आहे. जुन्या आणि मोठ्या कंपन्यांचे पत्ते ४९, ५९, ११७ अशा निरनिराळ्या आकड्यांनी सुरू होतात. छोट्यांच्या आणि उशिरा आलेल्यांच्या वाट्याला बहुतेक १०३ येतो. हा आकडा केबलवाल्याने मागून घेतलेला नसतो आणि दिल्लीतल्या कुठल्या मंत्रालयाने ठरवून दिलेलाही नसतो. २००८ च्या ऑगस्टमध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च शहरात भरलेल्या एका सभेत जो प्रस्ताव मांडला गेला, त्याचं हे फळ आहे.

सभा होती एपनिकची. आशिया आणि पॅसिफिक भागातल्या इंटरनेट पत्त्यांची नोंदवही ठेवणारी ही संस्था १९९३ मध्ये टोकियोत प्रयोग म्हणून सुरू झाली आणि १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला गेली. अफगाणिस्तानपासून पॅसिफिकमधल्या चिमुकल्या बेटांपर्यंत ५६ प्रदेश तिच्याकडे येतात. त्यांना 'देश' म्हणायचं संस्था कटाक्षाने टाळते, 'अर्थव्यवस्था' म्हणते. यादीत चीनही आहे आणि तैवानही, हाँगकाँगही, हे लक्षात घेतलं की त्या शब्दामागचा शहाणपणा कळतो. जगात अशा पाच संस्था आहेत. युरोप आणि मध्यपूर्वेची राइप ॲमस्टरडॅमला, उत्तर अमेरिकेची अरिन, लॅटिन अमेरिकेची लॅकनिक माँटेव्हिडिओला आणि आफ्रिकेची आफ्रिनिक मॉरिशसला. भारतात २०१२ पासून 'निक्सी' या संस्थेच्या अखत्यारीत 'आयरिन' नावाची राष्ट्रीय नोंदणी संस्था काम करते. आपल्याकडचा सेवादाता पत्ते तिथून घेऊ शकतो किंवा थेट एपनिककडून, पण नियम दोन्हीकडे एकच.

हे नियम करतं कोण, हा यातला सगळ्यात रंजक भाग. त्यासाठी आधी टंचाई समजून घ्यावी लागते. आयपीच्या चौथ्या आवृत्तीतला पत्ता ३२ बिटांचा. त्यातून एकूण ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते तयार होतात, एकही जास्त नाही. १९७७ मध्ये व्हिंट सर्फ यांनी हा ३२ चा आकडा पक्का केला तो एका प्रयोगापुरता, आणि तो प्रयोगच पुढे जगभर पसरला. सुरुवातीची नोंद कॅलिफोर्नियात जॉन पोस्टेल ठेवत. तेव्हा संगणकांची जाळीच मोजकी होती, त्यामुळे मागेल त्याला ढिगाने पत्ते मिळत. फोर्ड मोटार कंपनी, ॲपल, एमआयटी या प्रत्येकाला १ कोटी ६७ लाख पत्त्यांचा अख्खा गठ्ठा मिळाला. इंजिनिअरांच्या बोलीत अशा गठ्ठ्याला 'स्लॅश आठ' म्हणतात. अख्ख्या जगात असे गठ्ठे २५६, आणि त्यातलेही बरेचसे राखीव. एमआयटीने २०१७ मध्ये आपल्या गठ्ठ्यातला मोठा हिस्सा विकायला काढला, तोवर पत्त्यांना बाजारभाव आला होता. त्याआधी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने दिवाळखोरीत निघालेल्या नॉर्टेलचे ६ लाख ६६ हजार ६२४ पत्ते ७५ लाख डॉलरना घेतले होते. फुकट मिळालेल्या वस्तूचे असे पैसे होताना पाहून ज्यांना उशीर झाला त्यांना काय वाटलं असेल, ते सांगायला नको.

उशीर झालेल्यांत आशियाचा मोठा भाग होता. म्हणून साठा संपताना काय करायचं, हा प्रश्न एपनिकच्या सभांमध्ये फार लवकर, फार तावातावाने चर्चेला आला. क्राइस्टचर्चला मांडलेला प्रस्ताव ६२ व्या क्रमांकाचा. त्याचा गाभा दोन वाक्यांत सांगता येतो. एपनिककडे शेवटचा स्लॅश आठ उरेल, तेव्हा प्रत्येक सभासदाला, मग तो कितीही मोठा असो, जास्तीत जास्त १,०२४ पत्ते मिळतील. आणि ६५,५३६ पत्ते बाजूला ठेवले जातील, आज कुणालाच न सुचलेल्या पुढच्या एखाद्या गरजेसाठी.

पंगतीत जिलबी संपत आली की जाणता वाढपी हात आखडता घेतो. आग्रह बंद, प्रत्येकाच्या पानात एकच वेढं, म्हणजे मागून बसणाऱ्यांनाही चव मिळते. प्रस्ताव ६२ ने हेच केलं, फरक एवढाच की त्या वेळी पाचही संस्थांना गठ्ठे पुरवणाऱ्या जगाच्या कोठारात अजून बऱ्यापैकी साठा होता. भरल्या परातीसमोर असा नियम मान्य करून घेणं सोपं नसतं. करोडो ग्राहक असलेल्या चिनी वा जपानी कंपनीला १,०२४ पत्ते म्हणजे काहीच नाही. नेपाळमधल्या किंवा मराठवाड्यातल्या नव्या सेवादात्याला तेवढ्यात धंदा उभा करता येतो. नियमाचा कल कुणाकडे आहे हे उघड दिसत होतं, आणि तरीही तो पार झाला. या संस्थेच्या बाजूने बोलायचं तर मी पहिला दाखला हाच देईन.

त्यानंतरचा घटनाक्रम वेगवान आहे. शेवटचे पाच गठ्ठे उरतील तेव्हा पाच संस्थांना एकेक द्यायचा, हा नियम पाचही भागांत स्वतंत्रपणे मंजूर होऊन आधीच तयार होता. ३१ जानेवारी २०११ रोजी एपनिकने नेहमीच्या मागणीनुसार दोन गठ्ठे उचलले आणि कोठारात बरोबर पाच राहिले. ३ फेब्रुवारीला मायामीत समारंभ करून ते वाटले गेले. एपनिकच्या वाट्याला १०३ आला. हातातला बाकी साठा अडीच महिन्यांत संपला. १५ एप्रिल २०११ ला एपनिक १०३ वर आली, पाचांतली पहिली, आणि त्या दिवसापासून १,०२४ चा नियम लागू झाला. राइपवर ही वेळ यायला सप्टेंबर २०१२ उजाडलं.

आता प्रस्तावाचा प्रवास. तो कुणीही लिहू शकतो. सभासद असण्याची अट नाही, पदवीची नाही, नागरिकत्वाची नाही. आज काय नियम आहे, त्यात अडचण काय, बदल काय हवा, त्याचे फायदेतोटे काय, इतर भागांत काय चालतं, असे ठरलेले रकाने भरायचे आणि सभेच्या किमान चार आठवडे आधी पाठवायचा. त्याला क्रमांक मिळतो, ई-मेलवर उघड चर्चा सुरू होते. वर्षातून दोनदा, प्रत्येक वेळी निराळ्या शहरात, परिषद भरते (२०१२ मध्ये ती नवी दिल्लीला होती) आणि तिथल्या खुल्या धोरणसभेत प्रस्तावक आपलं म्हणणं मांडतो. मग लोक मायक्रोफोनपुढे रांग लावतात, नाव सांगतात आणि बोलतात. जपानी सेवादात्यांची एक पद्धत मला फार आवडते. ते आधी आपल्या देशात, आपल्या भाषेत प्रस्तावांवर चर्चा करून घेतात आणि मग त्यांचा प्रतिनिधी मायक्रोफोनवर येऊन जपानमधल्या मंडळींचं मत काय पडलं ते सांगतो. परिषदेची भाषा इंग्रजी, आणि अस्खलित इंग्रजीत वाद घालणाऱ्याचा आवाज अशा ठिकाणी आपोआप मोठा होतो. त्यावर जपान्यांनी काढलेला तोडगा साधा आहे आणि इतरांनी उचलण्यासारखा आहे.

एपनिकचे कर्मचारी या वादात बाजू घेत नाहीत. अंमलबजावणीत काय अडचण येईल, नियमाचा कुठला शब्द संदिग्ध आहे, एवढंच ते सांगतात.

आणि मतदान होत नाही. पूर्वी हात वर करत, आता पडद्यावर जोरदार पाठिंब्यापासून जोरदार विरोधापर्यंत कळ दाबतात. पण तो आकडा म्हणजे निकाल नव्हे. सभेच्या अध्यक्षाने आणि सहअध्यक्षांनी खोलीचा कल जोखायचा असतो. हरकत किरकोळ आहे की गंभीर, हे तपासायचं असतं. किरकोळ हरकतींना बाजूला ठेवून सहमती जाहीर करता येते. एकाचीच हरकत गंभीर असली आणि तिला उत्तर मिळालं नाही, तर पाठिंब्याचे कितीही हात वर गेले तरी सहमती नाही. ही रीत आली इंटरनेटची तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या इंजिनिअरांकडून. ते तर सभेत चक्क गुणगुणून कल आजमावतात. २०१४ मध्ये त्यांनी या रीतीवर एक टिपण काढलं. त्यात पाच जण बाजूने आणि शंभर विरोधात असतानाही सहमती झाली असं म्हणता येईल, असा प्रसंग रंगवला आहे. अट एवढीच की शंभरांच्या मुद्द्याला समाधानकारक उत्तर दिलेलं असलं पाहिजे. निवडणुकांच्या देशातल्या वाचकाला हे आधी वेडेपणाचं वाटेल. पण मतं मोजायची म्हटली तर मतदार कोण हे आधी ठरवावं लागतं, आणि इंटरनेटच्या बाबतीत ते कोणीच ठरवू शकलेलं नाही. बसभर माणसं आणून सभा जिंकण्याची सोय या रीतीत राहत नाही, हाही फायदा लहान नाही.

गंमत म्हणजे याच संस्थेत दुसरीकडे चांगलं घसघशीत मतदान होतं. कार्यकारी परिषदेच्या निवडणुकीत सभासदाची मतं त्याच्याकडच्या पत्त्यांच्या प्रमाणात वाढत जातात. तळाच्याला एक, सगळ्यात वरच्या वर्गाला ६४. पैसा, शुल्क, अंदाजपत्रक हे विषय या परिषदेच्या हातात. पत्ते कुणाला किती द्यायचे, हा विषय खुल्या सभेच्या हातात. सभेत सहमती झाल्यावर पुन्हा चार आठवडे हरकतींसाठी ठेवतात आणि मग कार्यकारी परिषद शिक्कामोर्तब करते.

ही रीत चुकते का? चुकते, आणि १०३ च्याच बाबतीत चुकली. एकाला एकच वाटा म्हटल्यावर काहींनी नवनव्या नावांनी सभासदत्व घेऊन वाटे गोळा केले आणि विकले. २०१६ मध्ये त्यावर प्रस्ताव ११६ आला: १०३ मधले पत्ते ठरावीक काळ हस्तांतरित करता येणार नाहीत. तो लिहून, खोडून, पुन्हा लिहून सहाव्या मसुद्यात मंजूर झाला आणि १४ सप्टेंबर २०१७ पासून पाच वर्षांची बंदी आली. पण ती त्या तारखेच्या आधी पत्ते घेतलेल्यांनाही लागू झाली. ज्यांनी पत्ते घेतले तेव्हा असा नियमच नव्हता, ते अडकले. प्रस्ताव १२३ येऊन, २०१८ च्या सुरुवातीला काठमांडूच्या सभेत चर्चा होऊन, ही मागच्यांना लागलेली बंदी उठवावी लागली. सहा मसुदे डोळ्यांखालून गेले आणि एवढी ढोबळ गोष्ट राहून गेली! धोरणसभेत बोलणारी माणसं बहुधा तीच तीच असतात, ज्यांना फटका बसणार ती आपल्या गावी टॉवरवर चढलेली असतात, हे त्यामागचं खरं कारण असावं असं मला वाटतं. दार सताड उघडं आहे, पण दारापर्यंतचं विमानाचं तिकीट, वेळ आणि भाषा ज्याची त्याने आणायची असते. ऑनलाइन सहभागाने हे थोडं हललं आहे, फार नाही.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. या संस्थांकडे पोलीस नाहीत, कायदा नाही. त्यांची सत्ता म्हणजे एक नोंदवही आणि त्या नोंदवहीवर जगभरच्या नेटवर्कवाल्यांनी ठेवलेला विश्वास. आफ्रिनिकच्या बाबतीत हे किती नाजूक आहे ते दिसलं. सुमारे ६२ लाख पत्ते असलेल्या एका सभासद कंपनीशी वाद पेटला, खटले झाले, २०२१ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने संस्थेची बँक खाती काही काळ गोठली आणि २०२३ मध्ये मॉरिशसच्या सर्वोच्च न्यायालयाने रिसीव्हर नेमला. एका छोट्या बेटाच्या न्यायालयातली तारीख सबंध खंडाच्या पत्त्यांची काळजी होऊन बसली. गुणगुणून सहमती जोखण्याची रीत वकिलांपुढे टिकत नाही, असा याचा अर्थ काही जण लावतात. माझ्या मते दोष रीतीपेक्षा करारनाम्यांच्या आणि कारभाराच्या ढिलेपणात जास्त होता.

टंचाईवरचा खरा उतारा सहावी आवृत्ती. पत्ते १२८ बिटांचे, म्हणजे एका सेवादात्याला सहज मिळणारा वाटाच जुन्या अख्ख्या इंटरनेटच्या अब्जावधी पटींनी मोठा. २०१० पासून एपनिकने प्रस्ताव ७३ नुसार जुने पत्ते असलेल्या सभासदांना कारणमीमांसा न विचारता हे नवे पत्ते द्यायला सुरुवात केली. भारतात २०१६ मध्ये जिओ आली ती सहाव्या आवृत्तीवरच भर देऊन, आणि आज ही आवृत्ती वापरण्यात आपण जगात आघाडीवर आहोत. छोट्या केबलवाल्याची गोष्ट निराळी. ग्राहकांकडचे जुने राऊटर, सवयीची यंत्रणा आणि हातात मोजके पत्ते. तो शेकडो घरं एकेका पत्त्यामागे बसवतो आणि कोणत्या घरून कोणत्या क्षणी कोणता पोर्ट वापरला गेला याच्या नोंदी सांभाळत बसतो, कारण उद्या सायबर पोलिसांकडून विचारणा आली तर नुसत्या पत्त्यावरून घर सापडत नाही.

या केबलवाल्याच्या आधी आलेल्याला १,०२४ मिळाले. २०१८ मध्ये न्यू कॅलेडोनियातल्या नुमेआच्या सभेत प्रस्ताव १२७ आला आणि २०१९ च्या फेब्रुवारीअखेरपासून नव्या सभासदाचा वाटा ५१२ वर आला. तो पुढे २५६ करायचा असेल, तर कुणीतरी सभेच्या चार आठवडे आधी ते रकाने भरायला हवेत. आणि नको असेल, तर कुणीतरी मायक्रोफोनपुढच्या रांगेत उभं राहून गंभीर म्हणावी अशी हरकत घ्यायला हवी.