उन्हातला चित्रबलाक

उष्ण प्रदेशात जन्मलेल्या पक्ष्याला ऊन बाधत नसावे, असा आपला एक सोयीस्कर समज असतो. चित्रबलाकाची वीण ज्यांनी लक्षपूर्वक पाहिली आहे, त्यांच्यापाशी तो टिकणार नाही. पिवळी लांब चोच, पंखांच्या टोकाशी गुलाबी छटा आणि उंची सुमारे तीन फूट असा हा पक्षी भारत, श्रीलंका व आग्नेय आशियातील सपाट प्रदेशांत राहतो. डोंगर आणि वाळवंट तो टाळतो.

त्याची घरटी झाडांच्या शेंड्यांवर, उघड्यावर असतात. पिलांच्या अंगावर आरंभी पिसे नसल्यासारखीच. अशा वेळी आई किंवा बाप सूर्याकडे पाठ करून पंख अर्धे पसरतो आणि त्या सावलीत पिले बसून राहतात. छत्री धरणारा मात्र स्वतः उन्हातच! त्याने आपली काहिली कशी शमवावी? बलाक कुळातील पक्षी आपली पातळ विष्ठा स्वतःच्याच पायांवर सोडतात. तिच्यातील पाणी वाफ होऊन जाताना पायांतील रक्त थंड होते. अमेरिकेतील बलाकांवर फिलिप काल यांनी १९६३ साली हे प्रसिद्ध केले. ज्यांना शिसारी येईल त्यांनी घरातल्या माठाची आठवण करावी; तत्त्व तेच आहे.

तरीही विणीचा काळ थंडी-उन्हावर ठरत नाही, तो माशांवर ठरतो. उत्तर भारतात पावसाळा सरता सरता, तर दक्षिणेत हिवाळ्याच्या तोंडाशी घरटी सुरू होतात. उथळ पाण्यात चोच अर्धी उघडून तो ती फिरवतो, पायाने तळ ढवळतो आणि मासा चोचीला लागताच ती मिटतो. खोल पाण्यात हे साधत नाही. म्हणूनच तळी बुजवली गेली किंवा काठोकाठ भरून ठेवली गेली, तरी त्याची उपासमारच.

झाडांचेही तसेच. आपल्याकडे इंदापूर तालुक्यातील भादलवाडीचा तलाव त्याच्या घरट्यांसाठी प्रसिद्ध आहे. परंतु आम्हांला अधिक कौतुक वाटते ते मंड्या जिल्ह्यातील कोक्करेबेल्लूर गावाचे. तेथे चित्रबलाक आणि झोळीवाले पाणकोळी गावातल्याच चिंचेच्या झाडांवर संसार थाटतात. गावकरी ती झाडे तोडीत नाहीत आणि खाली साचलेली विष्ठा खत म्हणून शेतात नेतात.